सूचिछिद्राचे कार्य : क्रमवीक्षण व कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकांतील प्रतिमानिर्मिती

प्रास्ताविक

जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि पदार्थशास्त्र या विषयांतील प्रबंधांमध्ये कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या प्रतिमा आता नित्याच्या झाल्या आहेत. महाविद्यालयांकडे असे उपकरण क्वचितच असते. संशोधक विद्यार्थी आपला नमुना एखाद्या मोठ्या संस्थेच्या वा विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात घेऊन जातो, तासाच्या हिशेबाने शुल्क भरतो, तेथील तंत्रज्ञ प्रतिमा घेऊन देतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या-तांबड्या रंगांत उजळलेली पेशी प्रबंधात दाखल होते. मौखिक परीक्षेत “कॉन्फोकलच का वापरला?” असा प्रश्न आला, तर “त्याची विभेदनक्षमता जास्त असते म्हणून” हे उत्तर बहुधा ठरलेले असते आणि परीक्षकांचेही त्याने समाधान होते. प्रस्तुत लेखकानेही एम.फिल.च्या काळात हेच उत्तर दिले होते व ते कोणी खोडून काढले नव्हते.

हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु ते मुख्य गोष्ट सोडून दुय्यम गोष्टीला धरून आहे. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने विभेदनक्षमतेत होणारी वाढ तत्त्वतः मर्यादित आहे आणि ज्या पद्धतीने हे उपकरण प्रत्यक्षात वापरले जाते त्या पद्धतीत ती बव्हंशी नाहीशी होते. या उपकरणाचे खरे वैशिष्ट्य वेगळे आहे. नाभीय प्रतलाच्या वर व खाली असलेल्या थरांतून येणारा प्रकाश नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात केवळ पसरतो, तर कॉन्फोकलमध्ये तो वगळला जातो. ‘पसरणे’ आणि ‘वगळले जाणे’ या दोहोंतील भेद कोठून उद्भवतो, आणि तो न समजल्यास प्रतिमेवरून कोणती चुकीची विधाने केली जातात, याचे विवेचन या लेखात करावयाचे आहे. गणिती सूत्रे टाळली आहेत. मात्र आकडे आवश्यक तेथे दिले आहेत.

नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा

कोणतेही भिंग बिंदूची प्रतिमा बिंदू अशी देत नाही. भिंगाची कडा मर्यादित असल्यामुळे प्रकाशाचे विवर्तन होते आणि बिंदूच्या जागी एक तेजस्वी चकती व तिच्याभोवती फिकट वलये उमटतात. हीच एअरी चकती होय. नमुन्यातील एका बिंदूचा प्रकाश प्रतिमेत कसा पसरतो हे सांगणाऱ्या फलनास बिंदुप्रसार फलन म्हणतात. संपूर्ण प्रतिमा म्हणजे नमुन्यातील असंख्य बिंदूंच्या अशा चकत्यांची बेरीज. चकतीची त्रिज्या प्रकाशाची तरंगलांबी आणि वस्तुभिंगाचे न्यूमरिकल ॲपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते याचे माप, या दोहोंवर अवलंबून असते. तरंगलांबीस ०.६१ने गुणून न्यूमरिकल ॲपर्चरने भागले की ही त्रिज्या मिळते. ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश आणि १.४ न्यूमरिकल ॲपर्चरचे तैलनिमज्जन भिंग घेतल्यास ती सुमारे २१३ नॅनोमीटर येते. अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये विभेदनाची जी मर्यादा दाखवून दिली ती याच जातीची आहे. एवढा भाग पदवीच्या अभ्यासक्रमात सर्वत्र शिकविला जातो.

अभ्यासक्रमात सहसा न येणारा भाग खोलीचा आहे. समजा, नमुन्यात एकसमान चमकणारा एक पातळ, सपाट थर आहे. तो नाभीत असताना सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यावर काही एक प्रकाश पडतो. आता हा थर नाभीपासून ५ मायक्रोमीटर दूर नेला. त्यातील प्रत्येक बिंदूची चकती मोठी व फिकट होईल. परंतु शेजारच्या बिंदूंच्या पसरलेल्या चकत्या तिच्यावर येऊन पडतील. एकूण प्रकाश तेवढाच राहील. थर एकसमान असल्यामुळे कॅमेऱ्याला फरकच जाणवणार नाही. थर १० मायक्रोमीटर दूर नेला, ५० मायक्रोमीटर दूर नेला, तरी तेच. याचे कारण सरळ आहे : त्या थरातून निघालेला आणि भिंगाच्या कोनात आलेला प्रकाश कोठेही अडविला जात नाही.

म्हणजे नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात नाभीबाहेरचा थर अस्पष्ट होतो, पण मंद होत नाही. पातळ छेदाच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. परंतु ५० मायक्रोमीटर जाडीच्या ऊतीत सर्वत्र अनुस्फुरक रंजक भरलेले असेल आणि भिंगाची नाभीखोली अर्धा मायक्रोमीटर असेल, तर कॅमेऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा ढोबळमानाने शंभरावा भागच आपल्याला हव्या असलेल्या प्रतलातून येतो. उरलेले नव्व्याण्णव भाग म्हणजे धुके. ऊती कापून पातळ करण्याची परंपरा, मायक्रोटोम, मेणात बसविणे हा सारा खटाटोप या धुक्यापासून सुटका करून घेण्यासाठी आहे.

केवळ क्रमवीक्षणाने काय साधते

संपूर्ण नमुना एकाच वेळी प्रकाशित करण्याऐवजी प्रकाशाचा एक सूक्ष्म ठिपका नमुन्यावरून ओळीओळीने फिरवावा, प्रत्येक स्थानी किती प्रकाश आला ते मोजावे आणि त्या मोजमापांवरून पडद्यावर चित्र उभे करावे, ही क्रमवीक्षणाची कल्पना. १९५१ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये रॉबर्ट्स व यंग यांनी असा सूक्ष्मदर्शक तयार केला. दूरचित्रवाणीच्या नळीवरील धावता ठिपका हा त्यातील प्रकाशस्रोत होता आणि भिंगांच्या साहाय्याने तो लहान करून नमुन्यावर टाकला जाई.

येथे एक समजूत दूर करणे अगत्याचे आहे. ठिपका फिरवून प्रतिमा घेतली म्हणजे विभेदन आपोआप वाढते, असे अनेकांस वाटते. तसे होत नाही. ठिपक्याने प्रकाशित केलेल्या जागेतून निघणारा सर्व प्रकाश जर एका मोठ्या संवेदकाने गोळा केला, तर अशा क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमेसारखीच असते. प्रकाशकिरणांचा मार्ग उलटा केला तरी भौतिक नियम बदलत नाहीत, या अन्योन्यता तत्त्वाचा हा परिणाम आहे. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात मोठा स्रोत नमुन्याचे विस्तृत क्षेत्र उजळतो व वस्तुभिंग त्यातील बिंदू वेगळे करून दाखविते. क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शकात वस्तुभिंग बिंदू उजळते व मोठा संवेदक सर्व प्रकाश घेतो. भूमिका बदलल्या, फलित तेच. ऑक्सफर्ड येथे शेपर्ड व चौधुरी यांनी १९७७ मध्ये क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शकातील प्रतिमानिर्मितीचे जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यात हा सारखेपणा आणि कॉन्फोकल मांडणीचा वेगळेपणा दोन्ही स्पष्ट मांडले आहेत. या विषयावरील पुढील बहुतेक लेखन त्या विवेचनावर उभे आहे.

अनुस्फुरणाच्या बाबतीत एक छोटा अपवाद नोंदवावा लागतो. रंजक ४८८ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून सुमारे ५२० नॅनोमीटरचा प्रकाश सोडत असेल, तर नेहमीच्या मांडणीत विभेदन ५२०वर आणि क्रमवीक्षणात ४८८वर ठरते. हा लाभ सहा टक्क्यांचा आहे.

क्रमवीक्षणाचे इतर फायदे मात्र खरे आहेत. प्रतिमा प्रथमपासूनच विद्युत संकेताच्या रूपात मिळते. वर्धन भिंगावर अवलंबून राहत नाही. पडद्याची रुंदी भागिले नमुन्यावर फिरविलेल्या पट्ट्याची रुंदी एवढे ते असते, म्हणून आरसे कमी कोनातून फिरविले की वर्धन वाढते. आणि एका वेळी एकच जागा प्रकाशित असल्यामुळे, संवेदकावर येणारा प्रकाश कोणत्या जागेमुळे आला हे आपल्याला आधीच ठाऊक असते. हा शेवटचा मुद्दा पुढील विवेचनाचा पाया आहे.

सूचिछिद्र आणि दोन अटी

मार्विन मिन्स्की यांचे नाव आपण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात घेतो. १९५५ मध्ये हार्वर्ड येथे असताना मेंदूतील चेतापेशींची जोडणी कशी असते हे त्यांना पाहावयाचे होते. मेंदूची ऊती इतकी दाट असते की, एका प्रतलावर नाभी साधली तरी इतर सर्व थरांतून प्रकीर्ण झालेला प्रकाश प्रतिमा झाकोळून टाकतो. त्यांनी विचार केला तो असा : नमुन्यातील ज्या एका बिंदूवर प्रकाश केंद्रित केला आहे, त्या बिंदूखेरीज अन्य कोठूनही आलेला प्रकाश संवेदकापर्यंत पोहोचूच नये. त्यासाठी एका सूचिछिद्रातून येणारा प्रकाश भिंगाने नमुन्यातील बिंदूवर केंद्रित केला आणि त्याच बिंदूची प्रतिमा जेथे पडते तेथे दुसरे सूचिछिद्र ठेवून त्यामागे संवेदक बसविला. स्रोताचे छिद्र, नमुन्यातील बिंदू व संवेदकाचे छिद्र ही तिन्ही एकाच नाभीशी जुळलेली, म्हणून ही मांडणी सहनाभीय किंवा कॉन्फोकल. प्रकाशकिरण स्थिर ठेवून त्यांनी नमुनाच हलविला आणि चित्र पाहिले ते रडारच्या पडद्यावर. एकस्वासाठी १९५७ मध्ये अर्ज झाला व १९६१ मध्ये ते मंजूर झाले. परंतु पुरेसा तेजस्वी स्रोत व प्रतिमा साठविण्याची सोय दोन्ही त्या काळी नव्हती. पहिला लेसर १९६०चा. संगणक प्रयोगशाळेच्या टेबलावर येण्यास आणखी पुष्कळ अवधी होता. एकस्वाची मुदत संपून गेल्यावरच हे उपकरण बाजारात रुळले.

आता दोन छिद्रे ठेवल्याने प्रतिमेत नेमका काय फरक पडतो ते पाहू. अनुस्फुरणाचे उदाहरण घेणे सोयीचे, कारण तेथे संभाव्यतेच्या भाषेत बोलता येते. नमुन्यातील एखाद्या रेणूचा प्रकाश मोजला जावयाचा असेल तर दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, फिरत्या ठिपक्याने तो रेणू प्रकाशित झाला पाहिजे. दुसरी, त्याने सोडलेला प्रकाश सूचिछिद्रातून पार झाला पाहिजे. रेणू ठिपक्याच्या मध्यापासून दूर असेल तर पहिल्या अटीची संभाव्यता घटते आणि दुसऱ्या अटीचीही घटते. कारण त्याची प्रतिमा छिद्राच्या मध्यावर न पडता बाजूला पडते. दोन्ही घटना स्वतंत्र असल्याने त्यांच्या संभाव्यतांचा गुणाकार करावा लागतो. छिद्र अतिसूक्ष्म असेल आणि दोन तरंगलांबींतील फरक दुर्लक्षिला, तर दोन्ही संभाव्यता एकाच बिंदुप्रसार फलनाने दिल्या जातात. सारांश, कॉन्फोकलचे बिंदुप्रसार फलन हे नेहमीच्या फलनाचा वर्ग असते.

या वर्गाचे परिणाम तपासून पाहण्यासारखे आहेत. घंटाकृती वक्राचा वर्ग केला की तो अरुंद होतो. येथे अर्ध्या उंचीवरील रुंदी सुमारे १.४ पटीने कमी होते. ‘विभेदनक्षमता जास्त’ या उत्तराचे मूळ हे आहे. पण शून्याचा वर्ग शून्यच. एअरी चकतीचे पहिले काळे वलय जेथे होते तेथेच राहते, आणि रॅली यांचा निकष तर त्या वलयाच्या त्रिज्येवर आधारलेला आहे! त्यामुळे विभेदन किती वाढले याचे उत्तर निकष कोणता धरला यावर अवलंबून राहते. परावर्तित प्रकाशाच्या कॉन्फोकलमध्ये दोन बिंदूंमधली तीव्रतेतील दरी रॅली यांच्या निकषाइतकी खोल राहील असे अंतर काढले, तर गुणक ०.६१ऐवजी ०.५६ येतो, म्हणजे लाभ आठ टक्क्यांचा. त्या मानाने फिकट वलयांवरचा परिणाम फार मोठा आहे. पहिल्या वलयाची तीव्रता नेहमीच्या प्रतिमेत मध्याच्या पावणेदोन टक्के असते. वर्ग केल्यावर ती दहा हजारांत तीन भाग एवढीच उरते. एखाद्या तेजस्वी कणाशेजारचा मंद कण कॉन्फोकलमध्ये दिसतो, याचे श्रेय बारीक झालेल्या चकतीपेक्षा पुसल्या गेलेल्या वलयांना अधिक आहे.

तरीही हे सर्व दुय्यम आहे. मघाच्या चमकत्या सपाट थराकडे परत जाऊ. तो नाभीपासून काही अंतर दूर आहे. लेसरचा शंकू त्या थरावर पोहोचेपर्यंत रुंदावतो, मोठे वर्तुळ उजळतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढते, तीव्रता त्याच प्रमाणात घटते, म्हणून थरातून निघणारा एकूण प्रकाश तेवढाच. येथवर नेहमीच्या सूक्ष्मदर्शकासारखेच झाले. परंतु आता हा प्रकाश परत जाताना सूचिछिद्राच्या प्रतलावर एका बिंदूत न येता मोठ्या वर्तुळात पसरतो. या वर्तुळाचे क्षेत्रफळही अंतराच्या वर्गाने वाढते आणि छिद्र तेवढेच असते. म्हणून छिद्रातून पार होणारा वाटा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई, दहापट झाले की शंभरावा भाग. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात जो थर कितीही दूर नेला तरी मंद होत नव्हता, तो येथे खरोखरच मंद होतो.

परावर्तनाच्या बाबतीत हा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. नमुन्याच्या जागी सपाट आरसा ठेवून तो हळूहळू नाभीतून पुढे नेला, तर नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात दृश्यक्षेत्र सतत उजळच राहते. कॉन्फोकलमध्ये आरसा नाभीत असतानाच क्षेत्र उजळते व पुढे-मागे होताच काळे पडते. धातूच्या किंवा अर्धवाहकाच्या पृष्ठभागावरील खोलगटपणा मोजण्याची पद्धत यावरच आधारलेली आहे : प्रत्येक बिंदू कोणत्या उंचीवर सर्वाधिक उजळला ते नोंदवावयाचे, की पृष्ठभागाचा उंचीनकाशा तयार. मात्र परावर्तित प्रकाश कलासंबद्ध असतो. तेथे प्रथम आयामांची बेरीज होते व नंतर तिचा वर्ग. शेजारील बिंदूंच्या प्रकाशात व्यतिकरण होऊन प्रतिमेत खरे नसलेले कण दिसू शकतात. अनुस्फुरणात रेणू परस्परांशी कला न जुळविता प्रकाश सोडतात, त्यामुळे हा दोष उद्भवत नाही.

आजच्या बहुसंख्य उपकरणांत नमुना हलत नाही, लेसरचा झोत हलतो. १९८७ मध्ये केंब्रिजच्या आण्विक जीवशास्त्र प्रयोगशाळेतील व्हाइट, एमॉस व फोर्डहॅम यांनी अशा उपकरणाने घेतलेल्या पेशींच्या प्रतिमा नेहमीच्या अनुस्फुरण प्रतिमांशेजारी मांडून दाखविल्या आणि जीवशास्त्रज्ञांचे लक्ष या तंत्राकडे वेधले गेले. येथे एक स्वाभाविक शंका येते. झोत सतत फिरत असताना नमुन्यातून येणारा प्रकाश एकाच स्थिर छिद्रावर कसा पडतो? उत्तर असे की, अनुस्फुरित प्रकाश ज्या आरशांवरून झोत गेला त्याच आरशांवरून परत येतो. जाण्या-येण्याच्या व प्रकाश सोडण्याच्या काही नॅनोसेकंदांत आरसा जवळजवळ हललेलाच नसतो, म्हणून जाताना झालेले विचलन परतताना पुसले जाते. त्यानंतर द्विवर्णी आरसा लेसरचा प्रकाश व अनुस्फुरित प्रकाश वेगळे करतो आणि छिद्र शेवटी येते.

छिद्र केवढे असावे

वरील सर्व विवेचनात छिद्र अतिसूक्ष्म मानले होते. प्रत्यक्षात अतिसूक्ष्म छिद्रातून प्रकाशही अतिसूक्ष्मच येतो. छिद्राचा आकार एअरी चकतीच्या व्यासाच्या पटीत सांगण्याचा प्रघात आहे. ५२० नॅनोमीटर तरंगलांबी, १.४ न्यूमरिकल ॲपर्चर आणि ६३ पट वर्धन असलेल्या भिंगासाठी हा व्यास नमुन्यात ४५३ नॅनोमीटर व भिंगाच्या प्रतिमेत सुमारे २८.५ मायक्रोमीटर येतो. याला एक एअरी एकक म्हणू. नाभीतील बिंदूच्या प्रकाशापैकी एक एककाच्या छिद्रातून ८४ टक्के पार होतो, अर्ध्या एककाच्या छिद्रातून ५९ टक्के आणि पाव एककाच्या छिद्रातून केवळ २० टक्के.

१.४ पटीचा जो लाभ वर सांगितला तो हाती येण्यासाठी छिद्र पाव एककाच्या जवळपास न्यावे लागते. म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या प्रतलातीलच चार-पंचमांश प्रकाश टाकून द्यावयाचा. उपकरण केंद्रांत छिद्र सर्वसाधारणपणे एक एककावर ठेवतात आणि ते योग्यच आहे. पण तेथे बाजूच्या दिशेतील लाभ जवळजवळ संपलेला असतो. थर वगळण्याचा गुण मात्र बव्हंशी टिकून राहतो. म्हणूनच मौखिक परीक्षेतील ते उत्तर त्या विद्यार्थ्याच्या प्रतिमेला बहुधा लागूच पडत नाही.

फोटॉनांची संख्या हा केवळ उजेडाचा प्रश्न नाही. एका पिक्सेलवर झोत एक मायक्रोसेकंद थांबला आणि तेवढ्यात २० फोटॉन मोजले गेले, तर संख्याशास्त्रीय चढउतार २०च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे साडेचार फोटॉनांचा असतो. बावीस टक्के अनिश्चितता! ज्या तीव्रतेतील फरकावरून ‘अमुक प्रथिन दीडपट वाढले’ असे विधान केले जाते, तो फरक अशा प्रतिमेत एकेका पिक्सेलवरून ठरविता येत नाही. अनेक पिक्सेलांची वा अनेक प्रतिमांची सरासरी घ्यावीच लागते. लेसरची शक्ती वाढविणे हा उपाय सोपा वाटतो, परंतु रंजक विरंजित होऊ लागते. येथे आणखी एक गैरसमज आढळतो. सूचिछिद्र नाभीबाहेरचा प्रकाश संवेदकापासून दूर ठेवते. नाभीबाहेरच्या थरांना लेसरपासून दूर ठेवत नाही. एका प्रतलाची प्रतिमा घेताना शंकूच्या मार्गातील सर्व थर प्रकाश खात असतात व विरंजित होत असतात. उत्तेजनच नाभीपुरते मर्यादित ठेवावयाचे तर १९९० मध्ये डेंक, स्ट्रिकलर व वेब यांनी दाखविलेल्या द्विफोटॉन पद्धतीकडे वळावे लागते. तेथे सूचिछिद्राची गरजच उरत नाही.

प्रतिमेवरून कोणते विधान करता येते

आता प्रबंधातील त्या हिरव्या-तांबड्या पेशीकडे वळू. दोन प्रथिने वेगवेगळ्या रंजकांनी रंगविलेली आहेत. जेथे हिरवा व तांबडा एकत्र आले तेथे पिवळा रंग दिसतो आणि मजकुरात लिहिलेले असते की, दोन्ही प्रथिने परस्परांशी जोडलेली आहेत. प्रतिमेने एवढेच सांगितलेले असते की, सुमारे पाव मायक्रोमीटर रुंद व अर्धा मायक्रोमीटर किंवा त्याहून थोड्या अधिक उंचीच्या एका अवकाशात दोन्ही प्रकारचे रेणू आहेत. प्रथिनाचा रेणू पाच नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्या अवकाशाच्या नुसत्या रुंदीतच असे पन्नास रेणू एका रांगेत मावतील. एकाच वाड्यात राहणारी माणसे एकमेकांशी बोलतातच असे नाही. रेणू परस्परांना भिडलेले आहेत असे म्हणावयाचे तर वेगळा प्रयोग लागतो. पिवळ्या रंगाची तीव्रता वाढवून ते सिद्ध होत नाही.

थर वगळले जातात याचा अर्थ ते पूर्णपणे नाहीसे होतात असाही नव्हे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम लक्षात घेता, दहापट दूर असलेला पण शंभरपट उजळ थर नाभीतील थराएवढाच संकेत देईल. मुळाच्या किंवा पानाच्या छेदात हरितद्रव्याने अथवा पेशीभित्तिकेने स्वतःहून दिलेला उजेड हा असा थर असू शकतो. काळी पार्श्वभूमी पाहून निर्धास्त होणे धोक्याचे, कारण काळेपणा पुष्कळदा संवेदकाची खालची मर्यादा वर सरकवूनही मिळविलेला असतो.

शिवाय छेदाची जाडी सर्व भिंगांसाठी सारखी नसते. १.४च्या तैल भिंगाने सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरचा छेद मिळतो. तोच नमुना ०.५ न्यूमरिकल ॲपर्चरच्या कोरड्या भिंगाने पाहिला, तर जाडी साडेतीन मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक होते. बाजूचे विभेदन न्यूमरिकल ॲपर्चरच्या प्रमाणात बदलते, पण खोलीचे ढोबळमानाने त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. जिवाणू मुळाच्या पेशीच्या ‘आत’ आहे की ‘वर’ चिकटलेला, हा प्रश्न दुसऱ्या भिंगाने सुटणार नाही. जिवाणूच मुळी एक-दोन मायक्रोमीटरचा असतो. लेखात ‘कॉन्फोकलने पाहिले’ एवढेच लिहिलेले असेल तर वाचकाला यातले काहीच कळत नाही.

तैल भिंगाने पाण्यातील नमुना पाहताना आणखी एक दोष शिरतो. तेलाचा अपवर्तनांक १.५१५ आणि पाण्याचा १.३३. मंच १० मायक्रोमीटर सरकविला तर नाभी नमुन्यात सुमारे ८.८ मायक्रोमीटर किंवा त्याहूनही कमी सरकते. उपकरण मात्र १० मायक्रोमीटर नोंदविते आणि गोल पेशी उभट दिसते. खोल गेल्यावर गोलीय विपथनामुळे बिंदुप्रसार फलनच विस्कटते व प्रकाश छिद्रात शिरत नाही. ऊतीच्या आतील भागात ‘प्रथिन कमी’ असल्याचा निष्कर्ष अशा वेळी भिंगाचा असतो, ऊतीचा नव्हे.

पिक्सेलच्या आकाराकडेही क्वचितच पाहिले जाते. समजा, २०० मायक्रोमीटरचे क्षेत्र ५१२ पिक्सेलांत टिपले. एक पिक्सेल ०.३९ मायक्रोमीटरचा झाला. भिंगाने पाव मायक्रोमीटरपर्यंतचे तपशील दिले होते, ते नोंदविलेच गेले नाहीत. नंतर संगणकावर चित्र कितीही मोठे केले तरी ते परत येत नाहीत. पाव मायक्रोमीटरचा तपशील राखावयाचा तर पिक्सेल त्याच्या निम्म्याहून लहान, ०.१ मायक्रोमीटर किंवा कमी हवा. त्यासाठी क्षेत्र लहान करावे लागते किंवा पिक्सेल वाढवावे लागतात, आणि दोन्हींची किंमत वेळ व विरंजनाच्या रूपाने चुकवावी लागते.

हे सर्व तपासण्याचा एक स्वस्त मार्ग उपलब्ध आहे. १०० नॅनोमीटरचे अनुस्फुरक मणी काचपट्टीवर बसवून, ज्या भिंगाने व ज्या छिद्राने नमुना पाहिला त्याच मांडणीत त्यांची त्रिमितीय प्रतिमा घ्यावी. मणी विभेदनमर्यादेपेक्षा लहान असल्याने जे दिसते ते जवळपास उपकरणाचे बिंदुप्रसार फलनच. केंद्रातील तंत्रज्ञाकडे असे मणी बहुधा असतात; मागणारा विद्यार्थी नसतो. त्याला तसे मागावयास सांगणे हे मार्गदर्शकाचे काम आहे, आणि मण्यांची मापे प्रबंधात न्यूमरिकल ॲपर्चर, छिद्राचा आकार व पिक्सेलच्या मापाशेजारी छापली जावीत, असा आग्रह परीक्षकाने धरण्यास हरकत नसावी.

टाकून दिलेला प्रकाश

छिद्र लहान केले तर विभेदन मिळते पण प्रकाश जातो, मोठे ठेवले तर उलट, हा पेच अटळ वाटतो. शेपर्ड यांनी १९८८ मध्ये त्यातून वाट दाखविली. एका छिद्राऐवजी लहान लहान संवेदकांची जुळणी ठेवावी. मधला संवेदक नेहमीच्या सूक्ष्म छिद्राचे काम करतो. बाजूला असलेला संवेदकही सूक्ष्म छिद्रच आहे, पण जागा चुकलेले. त्याच्या बाबतीतही त्याच दोन अटींचा गुणाकार करावयाचा, फक्त दुसरा वक्र पहिल्यापासून सरकलेला. दोन सारख्या घंटाकृती वक्रांपैकी एक बाजूला सरकवून गुणाकार केला, तर गुणाकाराचे शिखर दोहोंच्या मधोमध येते. म्हणजे बाजूचा संवेदक जी प्रतिमा देतो तीही अरुंद चकत्यांचीच असते. केवळ त्याच्या सरकलेपणाच्या निम्म्याने ती बाजूला पडलेली असते. प्रत्येक संवेदकाची प्रतिमा तेवढी मागे सरकवून सर्वांची बेरीज केली की सूक्ष्म छिद्राचे विभेदन आणि मोठ्या छिद्राचा प्रकाश एकत्र मिळतात. म्युलर व एंडरलाइन यांनी २०१० मध्ये हे प्रयोगाने करून दाखविले. २०१४ मध्ये झाइस कंपनीने एअरीस्कॅन या नावाने बाजारात आणलेल्या संवेदकात षट्कोनी रचनेत ३२ घटक असून प्रत्येकाचा आकार ०.२ एअरी एकक आहे, तर सर्व मिळून १.२५ एककाचे छिद्र होते. आपला विद्यार्थी ज्या केंद्रात जातो तेथे असे उपकरण असेल, तर ‘विभेदनक्षमता जास्त असते म्हणून’ हे त्याचे उत्तर त्या प्रतिमेपुरते बरोबर ठरेल. मात्र निम्म्याने का सरकवावे लागते, हा पुढचा प्रश्न त्याला विचारावा.